आप्पांचं ‘न्हाई’

आमच्या आप्पांच्या तोंडात एकच शब्द उरला होता, आणि तो होता ‘न्हाई’. आप्पा म्हणजे माझे सासरे. गणपती उठले आणि त्याच आठवड्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिल्या सकाळी मी विचारलं, “आप्पा, च्या घेता का?” ते म्हणाले, “न्हाई,” आणि डावा हात कपासाठी पुढे केला. “उनात बसवू का?” “न्हाई,” आणि नजर अंगणाकडे. नुसती मान हलवून सांगा म्हटलं, तर मानही भलतीकडेच जायची आणि ते स्वतःवरच चिडायचे. आता हा शब्द बोबडा, अडखळत यावा की नाही? पण नाही. तो अगदी त्यांच्या जुन्या, खणखणीत आवाजात यायचा. पुढचं सगळं रामायण त्या खणखणीतपणामुळेच घडलं.

आमच्या रिहे गावात आप्पांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. स्वतःचा बैल विकताना, ‘ह्यो डाव्या अंगानं लाथ मारतो बरं का,’ हे गिऱ्हाइकानं विचारायच्या आत सांगणारा माणूस. सासूबाई असताना म्हणायच्या, “ह्यांच्या खरेपणापायी आमच्या दावणीला कायम लाथाळच बैल उरलं.” गावात कुणाचा बांधावरून तंटा झाला, की आधी आप्पांना बोलावणं यायचं. ते काय सांगतात ते ऐकून लोक घरी जायचे आणि जेवायला बसायचे. मी सून होऊन आले तेव्हा मला हे सगळं जरा अतीच वाटायचं. हळूहळू माझाही त्यांच्या बोलण्यावर असा विश्वास बसला, की डाळीत मीठ कमी आहे असं ते म्हणाले तर मी चव न घेताच मीठ घालायची.

मी स्वतः नेऱ्याला एका मोठ्या सोसायटीत योगाचा वर्ग घेते. रोज पहाटे स्कूटर काढायची, वाटेत ना घाट ना गर्दी, आणि सूर्य वर यायच्या आत आयटीतल्या मंडळींना ओंकार म्हणायला लावायचा. ही मंडळी कुठून कुठून आलेली, नोकरीनं दमलेली. डोळे मिटा म्हटलं की काही जण खरोखरच झोपतात. त्यांना मी मोठ्या उत्साहानं वाणीबद्दल सांगायची. ओठांवर येते ती वैखरी, पण तिच्या आत आणखी तीन पायऱ्या आहेत, बोलणं तिथून वर येतं. आणि जो माणूस सत्यात पक्का बसला, त्याच्या वाणीला फळ येतं, तो म्हणेल ते घडतं. हे सांगताना माझ्या डोळ्यांपुढे आप्पाच असायचे. आणि नेमकं हेच वाक्य त्या वर्षी माझ्या अंगावर उलटून आलं.

झालं असं. आमचं रस्त्याकडचं शेत विकायचं चाललं होतं. पुण्याची एक पार्टी फार्महाऊससाठी ते घ्यायला तयार होती. त्या पैशांतून उरलेल्या जागेवर भाड्यानं द्यायला खोल्या बांधायच्या, हे आमच्या ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, फार दिवसांचं स्वप्न. पार्टीची अट एकच होती, शेताला चारी बाजूंनी कंपाउंड घालणार, मधून कुणाची वाट चालायची नाही. आणि वाट तर होती. आमच्या शेतामागं बबनभावजींचं भाताचं खाचर आहे. त्यांची बायको मंदा आणि मी एकाच वर्षी सून म्हणून गावात आलो, एकमेकींच्या आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, जातो. त्यांना खाचरात जायला आमच्या बांधाकडेनंच वाट. सातबाऱ्यावर ती नाही, कागदावर कुठंच नाही. बबनभावजींचे वडील सांगून गेले होते की ही वाट आप्पांनी त्यांना शब्दानं दिलेली आहे. ते तर केव्हाच वारले. मग खरं काय ते माहीत असणारा एकच माणूस उरला.

दसऱ्यानंतर एका दुपारी भैरवनाथाच्या देवळात चार जाणती माणसं बसली. आप्पांना खुर्चीवर उचलून नेलं. वर्गानंतर बाजार करून मी नेऱ्याहून परत यायच्या वाटेत होते, हे सगळं मला मंदानं मागून सांगितलं. आमच्या गावात अशा वेळी बेल-भंडार उचलायची रीत आहे. देवापुढचं बेलपान आणि हळदीचा भंडारा उजव्या तळहातावर घ्यायचा, देवाच्या नावानं चांगभलं म्हणायचं आणि मग जे खरं ते बोलायचं. त्यानंतर कुणी प्रश्न विचारत नाही. पण त्या दिवशी खुद्द बबनभावजीच म्हणाले, “आप्पांना कुटं बेल-भंडार उचलायला लावताय? त्यांचा साधा शब्द बास हाय.” मग देवळाच्या गुरवांनी विचारलं, “आप्पा, ही वाट तुमी दिलीवती का?” आणि आप्पा म्हणाले, “न्हाई.”

 मग बबनभावजी उठले, आप्पांच्या पाया पडले आणि म्हणाले, “आप्पांनी न्हाई म्हनलं म्हंजी न्हाई. माझ्या बापाच्याच ऐकण्यात काय चूक झाली आसंल.” त्यांचं भात खाचरात पिवळं होऊन उभं होतं. दिवाळीनंतर कापणी, आणि भारे आणायला आता ओढ्याच्या दगडांतून लांबचा वळसा. तरी एक शब्द त्यांनी जास्तीचा काढला नाही. सांगताना मंदा मात्र माझ्याकडे बघत नव्हती.

त्या दुपारी मी घरी आले तर आप्पा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. डाव्या मुठीनं छातीवर मारत होते आणि रडत होते. “न्हाई, न्हाई, न्हाई.” मी भाकरी कुस्करून दिली, ती त्यांनी सरकवून दिली. इतकी वर्षं त्यांना बघते आहे, सासूबाई गेल्या तेव्हाही हा माणूस असा रडला नव्हता. मला कळून चुकलं की देवळात काहीतरी उलटं घडलंय.

मी ह्यांना म्हटलं, “अहो, सकाळी च्यालाबी न्हाईच म्हनलं ते आन् कप रिकामा केला. तो शब्द त्यांचा न्हाई, आजाराचा हाय.” हे म्हणाले, “दवाखान्यातल्या डाक्टरीणबाई काय म्हनल्या? त्यांना सगळं कळतंय. मग कळूनच न्हाई म्हनले ना?” हे काही वाईट मनाचे नाहीत. त्यांना हवं ते उत्तर मिळालं होतं, आणि हवं ते उत्तर कोण कशाला पुन्हा तपासतो? वर ते म्हणाले, “तुला ठाव हाय का वाट दिलीवती म्हणून? तू व्हतीस का तवा?” आणि तिथं मी अडकले. मला वाटत होतं, पण माहीत नव्हतं. वाटणं आणि माहीत असणं यांच्यातलं अंतर तोंडानं बुजवून टाकायचं, यालाच तर खोटं म्हणतात. उद्या मीच देवळात उभी राहून ‘दिली होती’ म्हटलं असतं, तरी ते माझ्या मनाचं झालं असतं, आप्पांचं नाही.

त्या संध्याकाळी देव्हाऱ्यासमोर बसले आणि देवाशी भांडले. मी भांडकुदळच आहे, माहेरीही हेच ऐकत आले. म्हटलं, देवा, जन्मभर खरं बोललेल्या माणसाच्या वाणीला फळ येतं म्हणतोस ना? बघ कसं आलं. त्याच्या खरेपणाच्या जोरावर एक खोटं गावभर खरं ठरलं. तो लबाड असता तर लोकांनी दोनदा विचारलं असतं. तो खरा होता म्हणून एकदाच विचारलं आणि उठून गेले. मग आम्ही जे सगळं शिकवतो ते काय नुसतं सकाळच्या व्यायामाला लावलेलं गंध आहे?  खरं सांगायचं तर त्या रात्री माझी श्रद्धा पार डळमळली.

दुसऱ्या दिवशी वर्गात ओंकार म्हणवून घेताना माझ्या डोळ्यांना धार लागली. मंडळी डोळे मिटून बसलेली, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. पण वर्ग संपल्यावर एक म्हाताऱ्या बाई मागे थांबल्या. त्या नांदेडकडच्या, मुलाकडे राहायला आलेल्या, दोन-चार दिवसच वर्गाला येत होत्या. नऊवारी नेसून खुर्चीत बसून ओंकार म्हणायच्या. त्यांनी विचारलं, “रडायलाव कामून हो, काय झालं ताई?” आणि का कोण जाणे, ज्या बाईचं मला नावही ठाऊक नव्हतं तिला मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, “माझे मालक जन्मभर तोतरे होते बघा. पाणी मागायचं तरी घाम फुटायचा. पर भजनाला बसले की एक अक्षर अडकायचं नाही. तुम्ही त्यांना काही विचारू नका माय. विचारलं की दार लागतंय. त्यांच्यासंगं नाम घ्या मोठ्यानं, अन् मागून काय येतंय ते येऊ द्या.”

मोठ्यानं! स्कूटरवर घरी येताना माझ्या डोक्यात तो एकच शब्द घुमत होता. आमच्या घरात कित्येक दिवसांत कुणी मोठ्यानं काही म्हटलंच नव्हतं. आजारी माणसाच्या घरात आवाज नको, म्हणून आम्ही टीव्ही बंद केला, कुत्र्याला मागच्या दारी बांधलं आणि संध्याकाळची देवाची घंटासुद्धा थांबवली. आधी रोज दिवेलागणीला आप्पाच घंटा वाजवून ‘राम कृष्ण हरी’ म्हणायचे. ते थांबले आणि काळजीपोटी आम्हीही सगळे पुटपुटत नाम घ्यायला लागलो. म्हणजे ज्या माणसाचं बोलणं गेलं त्याच्या कानावरून आम्ही देवाचं नावही काढून घेतलं होतं, आणि वर समजत होतो की चांगली शुश्रूषा चाललीय!

त्या संध्याकाळी मी घंटा वाजवली. आप्पांच्या शेजारी मांडी घातली, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि त्यांच्याच चालीत, घर दणाणेल अशा आवाजात सुरू केलं, “राम कृष्ण हरी, जय जय राम कृष्ण हरी.” पहिल्या वेळी त्यांचे नुसते ओठ हलले. दुसऱ्या वेळी घशातून घरघर आली. आणि मग ते म्हणाले. सबंध, स्वच्छ, एकही अक्षर न गाळता, “जय जय राम कृष्ण हरी.” हे आतल्या खोलीतून धावत आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले. आप्पा आमच्याकडे बघतही नव्हते. त्यांचे डोळे मिटलेले, गालांवरून पाणी चाललेलं आणि तोंडानं नाम. आम्ही तिघांनी देव्हाऱ्यातला दिवा विझेपर्यंत नाम घेतलं. मला आजही तो आनंद नीट सांगता येत नाही.

पण नाम थांबलं आणि मी म्हटलं, “आप्पा, पाणी देऊ?” तर पुन्हा, “न्हाई.” दार लागलं. मग मला त्या बाईंचं बोलणं आठवलं. दुसऱ्या दिवसापासून मी विचारणं सोडलं आणि चाल धरली. “राम कृष्ण हरी, च्या द्या हरी,” असं मी म्हणायची आणि आप्पा माझ्यामागून म्हणायचे, “च्या द्या हरी.” घरात हसून हसून पुरेवाट. शेजारची पोरं भिंतीवर चढून ऐकायची. एका दुपारी अंगणात नाम चाललं होतं, आणि मी न शिकवताच आप्पांनी मधेच लावलं, “ऊन लई हरी.” मी नाम घेणंच विसरले. त्यांना ओसरीत सावलीला आणलं आणि देव्हाऱ्यापुढे साखर ठेवली. आतल्या पायऱ्यांवरून काहीतरी वर चढत होतं, आणि ते आप्पांचं स्वतःचं होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग वाटेचं विचारून घ्यायचं ना त्याच चालीत. इथंच खरी मेख होती. मी जे गाईन ते आप्पा माझ्यामागून गात होते. मी ‘वाट दिली हरी’ म्हटलं असतं तर ते ‘वाट दिली हरी’ म्हणाले असते. आणि दुसऱ्या कुणी उलटं गायलं असतं, तर कदाचित तेही म्हणाले असते. हे हीच शंका बोलून दाखवत होते, “तू पढीवशील आन् ते म्हनतील. त्याला साक्ष म्हंत्यात व्हय?” मला राग आला, पण बोलणं खरं होतं. नवऱ्याचं बोलणं खरं निघालं की बाईला किती त्रास होतो ते बायकांनाच विचारा. मी त्या दिवशी देवापुढे हात जोडून ठरवलं, की आप्पांसमोर वाट हा शब्द मी काढणार नाही, गाण्यातही नाही आणि बोलण्यातही नाही. त्यांच्या तोंडात माझे शब्द घालायचे नाहीत. त्यांचे येतील तेव्हा येतील, आणि नाही आले तर तीही देवाची मर्जी. हे ठरवणं सोपं नव्हतं, कारण कंपाउंडचे खांब शेताच्या कडेला येऊन पडले होते आणि दिवाळी होऊन गेली होती.

मग मी मंदाकडे गेले. म्हटलं, आप्पांना पुन्हा एकदा देवळात न्यायचं आणि ह्या वेळी बेल-भंडार उचलू द्यायचा. बबनभावजी दारातच होते. ते कानांवर हात ठेवून म्हणाले, “नगं वैनी. आप्पांवर संशय घेतल्यावानी हुईल.” मी म्हटलं, “संशय त्यांच्यावर न्हाई भावजी, दुखण्यावर हाय. त्यांना बोलायची एक संधी तरी द्याल का न्हाई? तुमच्या वाटंसाठी न्हाई, त्यांच्यासाठी मागतीया.” त्यांनी बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरली आणि मग हो म्हणाले. घरी हेसुद्धा तयार झाले, पण एका अटीवर. “देवळात तू तोंडातनं अवाक्षर काढायचं न्हाई. नामसुदिक न्हाई.” मी कबूल झाले. वाणीवर बडबड करून पोट भरणाऱ्या बाईला देवानं बरोबर जागी गप्प बसवलं.

रविवार हा भैरवनाथाचा वार. सकाळी पूजा झाल्यावर आप्पांना न्हाऊ घालून, धुतलेलं धोतर नेसवून देवळात नेलं. तीच चार माणसं, गुरव, हे, बबनभावजी, मंदा आणि खांबाजवळ मी. गुरवांनी बेलपान आणि भंडारा आणला आणि थबकले. बेल-भंडार उजव्या हातानंच उचलायचा, आणि आप्पांचा उजवा हात तर मांडीवर निपचित पडलेला. कुणी म्हणालं डावा चालेल, कुणी म्हणालं चालणार नाही. तेवढ्यात बबनभावजी पुढे झाले. त्यांनी आप्पांचा तो लुळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, तळवा उलगडला आणि खालून आधार देऊन वर धरला. म्हणाले, “ठेवा हितं. मी धरतो.” ज्याचं सगळं त्या शब्दावर अवलंबून होतं तोच त्या हाताला आधार देत होता. ह्यांनी मान खाली घातली ती मी पाहिली.

गुरवांनी आवाज दिला, “भैरवनाथाच्या नावानं…” आणि सगळ्यांबरोबर आप्पा म्हणाले, “चांगभलं!” तीनदा झालं. मला आशा वाटू लागली. मग रीतीप्रमाणे गुरवांनी साध्या बोलण्यात विचारलं, “आप्पा, सांगा, वाट तुमी दिलीवती का?” आणि मला ते दार लागताना जणू दिसलं. आप्पांचा चेहरा आवळला.  “न्हाई,” ते म्हणाले.

बबनभावजींनी हात खाली सोडला नाही, पण त्यांचे खांदे पडले. मंदा पदराला तोंड पुसत उठायला लागली. मी नाम सुरू केलं असतं तर आप्पा माझ्यामागून आले असते हे मला माहीत होतं. नाम माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, पण मी कबूल झाले होते. तेव्हा मी डोळे मिटले आणि आतल्या आत म्हटलं, नाथा, माझं बोलणं मी तुझ्या पायरीवर ठेवलंय. आता तुझं तू बघ. इतकी मोकळी प्रार्थना मी त्याआधी कधी केली नव्हती, कारण त्याआधी मी देवाला काय करायचं तेसुद्धा सांगत असे.

आणि बाहेर पायऱ्यांवर हलगी वाजली. कुठल्या तरी गावचं नवं जोडपं देवदर्शनाला आलं होतं. आमच्यापैकी कुणी त्यांना ओळखत नव्हतं, त्यांना आमचं काही ठाऊक नव्हतं. मुंडावळ्या बांधलेला नवरा, हिरव्या चुड्याची नवरी, पाठीमागं दहा-पंधरा माणसं. त्यांच्यातल्या एका दणकट आवाजाच्या बाईनं पायरीवरूनच हाळी दिली, “भैरवनाथाच्या नावानं…”

आणि त्यांच्यातल्या कुणी उत्तर द्यायच्या आत आप्पांनी दिलं. “चांगभलं!” जन्मभर त्या हाळीला उत्तर देणारा माणूस तो, त्याच्याकडून राहवलंच नसावं. त्या बाईनं पुन्हा हाळी दिली. आप्पांनी पुन्हा उत्तर दिलं, आणि ह्या वेळी ते थांबले नाहीत. त्याच चढत्या सुरात, डोळे देवाकडे लावून, एकेक शब्द ओढत ते म्हणाले, “चांगभलं… इहीर आमची… माती त्यांच्या रानात… वाट दिली… उंबरापसनं वड्यापतूर… वाट दिली… चांगभलं!”

 विहिरीचं आणि मातीचं मी आयुष्यात प्रथमच ऐकत होते. ह्यांनाही माहीत नव्हतं, कारण आमची विहीर खोदली तेव्हा हे रांगत होते. बबनभावजी मात्र ढसाढसा रडायला लागले. त्यांच्या खाचराच्या कडेला एक मातीचा उंचवटा आहे, त्याला त्यांचे वडील ‘आप्पाची माती’ म्हणायचे. का म्हणायचे ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आमच्या विहिरीची माती टाकायला त्यांच्या वडिलांनी आपली जागा दिली, आणि त्याबदली आप्पांनी वाट दिली. दोन माणसांनी उंबराखाली उभं राहून केलेली गोष्ट, तिसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हती. ती मी कुठून पढवणार?

हे उठले. आप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तसेच राहिले. मग बबनभावजींना म्हणाले, “खांब आजच उचलाया सांगतो.” आप्पांनी उजव्या तळव्यावरचा भंडारा डाव्या हातात घेऊन तो हात ह्यांच्या डोक्यावर फिरवला आणि सगळं कपाळ पिवळं करून टाकलं. ते नवं जोडपं बिचारं गोंधळून दारातच उभं होतं. मंदानं नवरीला जवळ ओढून तिची अशी काही ओटी भरली, की त्या पोरीला वाटलं असेल, ह्या गावची रीतच दिसते लोकांना रडत रडत ओटी भरायची.

पुढं काय झालं ते काही गोड करून सांगत नाही. व्यवहार मोडला. वाटेसकट शेत घ्यायला पार्टी तयार नव्हती. खोल्या अजून झालेल्या नाहीत आणि हे अधूनमधून रस्त्याकडे बघून सुस्कारा सोडतात. पण त्या कापणीला मंदाचे भाताचे भारे आमच्या बांधावरून गेले तेव्हा पहिला भारा ह्यांनीच तिच्या डोक्यावर चढवला. मी नेऱ्याला त्या नांदेडच्या बाईंसाठी खास इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन गेले, तर त्या गावी परत गेल्या होत्या. कुठल्या मजल्यावर राहायच्या, मुलाचं नाव काय, वर्गात कुणालाच धड सांगता येईना. ती पिशवी मी भैरवनाथाला वाहिली.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, असं होतं, बोलण्याची जागा दुखावली तरी गाण्याची जागा शाबूत राहते. मी हो म्हटलं. त्यांचं म्हणणं मला पटलं आणि माझ्या भैरवनाथाला त्यानं काही बाधा आली नाही. गाण्याची जागा शाबूत कुणी ठेवली, आणि ती बाई नेमकी त्या सकाळी मागे का थांबली, आणि ते जोडपं नेमकं तेव्हाच पायरीवर का आलं, याचा वाद घालायला मी काही गेले नाही. कृपा झाली ती मी पाहिली, आणि त्याबद्दल रोज सकाळी पहिला ओंकार त्या बाईच्या आणि त्या जोडप्याच्या नावानं म्हणते.

वर्गात मी अजूनही सांगते, की सत्यात पक्का बसलेल्या माणसाच्या वाणीला फळ येतं. आता जरा हळू सांगते. पूर्वी मला वाटायचं की हे फळ आपण बोलून मिळवायचं असतं. आप्पांचं खरं मात्र त्यांच्या शब्दांच्याही मागे जाऊन बसलं होतं, आणि आम्ही सगळे गप्प झालो तेव्हा ते आपल्या पायानं चालत बाहेर आलं. माझ्या वाट्याला त्यात एवढंच काम होतं, की नाम घ्यायचं आणि वाटेतून बाजूला व्हायचं. ते मला करायला लावलं, याबद्दल मी देवाची ऋणी आहे.

आप्पांची वाचा काही पूर्ण परत आली नाही. नामाच्या चालीवर चार शब्द येतात, ऊन, पाणी, भूक, शिकायला बाहेरगावी असलेल्या नातवाचं नाव. एरवी अजून तोच एक शब्द. पण आता तो कुणाला फसवत नाही. रोज सकाळी ते ओसरीवर उन्हात बसतात, आणि विळा-दोरी घेऊन मंदा खाचराकडे निघते. उंबराखाली आली की ती थांबते आणि तिथूनच मोठ्यानं विचारते, “आप्पा, जाऊ का वं ह्या वाटंनं?”

“न्हाई!” आप्पा खणखणीत आवाजात ओरडतात आणि डावा हात लांबवर खाचराकडे दाखवतात. मग मंदा हसत हसत चालू लागते.